ओके पीस

"तुझ्या सासऱ्यांच्या बोलण्यावर जाऊ नको. ते 'बरंय' म्हणाले की आधी त्यांचा हात बघायचा," असं चिमाबाईंनी सुनेला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात बजावलं होतं.

चिखलीच्या घरात सासूसुना मेथी निवडत बसल्या होत्या. गल्लीतल्या कुठल्याशा वर्कशॉपात ग्राइंडर किंचाळत होता आणि चिमाबाई त्याच्यावर आवाज चढवून जुनी हकिकत सांगत होत्या. भीमराज तेव्हा भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला होते. पत्रा कापणाऱ्या मशीनखाली उजवा हात सापडला आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्ध्यावरून गेली. पट्टी बांधून गडी घरी आला तो हात पँटीच्या खिशात घालून. ताटावर बसला आणि डाव्या हातानं भाकरी मोडायला लागला. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणे, उजव्याला ग्रीस लागलंय, जात नाही. खिसा ओला झाला तेव्हा कुठं बायकोला कळलं.

"बोटं कंपनीत ठेवून आलेला माणूस मला 'बरंय' म्हणतोय, बाई! तेव्हापासून मी तोंड बघायचं सोडलं."

मिनलनं ते हसण्यावारी नेलं. "आई, बाबा रिटायर झाले आता. आता कुठली प्रेस आणि कुठला खिसा?"

"प्रेस सुटली. माणूस तोच हाय," असं म्हणून चिमाबाईंनी देठं गोळा केली. गोष्ट तिथंच राहिली.

पुढं मिनल आणि बुद्धरत्न पिंपळे सौदागरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, साक्षी झाली, आणि साक्षी धड बोलायला लागते न लागते तोच ती साथ आली. पहिली लाट कशीबशी पार पडली. दुसरीनं मात्र घराघरात पाय ठेवला. बुद्धरत्न चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला होता. कंपनीनं सांगितलं, काम करायचं तर आतच राहायचं, रोज ये-जा बंद. तो बॅग भरून गेला. मिनल आणि दोन वर्षांची साक्षी, एवढ्याच घरात उरल्या.

मिनल एम.कॉम. झालेली. मूळचीच चौकस, त्यात आई झाल्यापासून तिच्या डोळ्यांना झोप म्हणून नव्हती. दुधाच्या पिशवीला साबण, कोथिंबिरीला मिठाचं पाणी, दाराच्या कडीला सॅनिटायझर. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं ती दोनदा वाचायची. बुद्धरत्न चिडवायचा, "क्वालिटीला मी आहे, पण रिजेक्शन तूच जास्त काढतेस."

अशा बाईच्या सासऱ्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

चिमाबाईंचा निगेटिव्ह होता. भीमराजांना ताप आणि कोरडा खोकला. बेड कुठंच नव्हते, आणि लक्षणं सौम्य असतील तर घरीच राहा असं जो तो सांगत होता. काही डॉक्टरांनी मिळून 'घरबसल्या दवाखाना' नावाची मोफत सेवा चालवली होती. नाव नोंदवलं की रोज ठरल्या वेळी डॉक्टर व्हिडिओवर येत. मिनलनं नाव नोंदवलं. एका चौकटीत डॉक्टर, दुसरीत चिखलीचं घर, तिसरीत साक्षीला कडेवर घेतलेली ती स्वतः.

डॉक्टर मोनिका गव्हाणे. पहिल्याच दिवशी मिनलच्या मनात पाल चुकचुकली. बाई पंचविशीची वाटत होती. केसांना चिमटा, अंगात साधा कुर्ता. गळ्यात स्टेथोस्कोप नाही, भिंतीवर सर्टिफिकेट नाही. मागं नुसता फुलाफुलांचा पडदा, खिडकीचा म्हणावा तर भलताच रुंद. आणि ऐन बोलण्याच्या मध्यात कुकरची शिट्टी झाली.

"आजोबा, ऑक्सिमीटर उजव्या हाताच्या मधल्या बोटाला लावायचा. हात मांडीवर नको, गादीवर टेकवा. आकडा स्थिर झाला की फोटो काढून टाका. सकाळ, दुपार, संध्याकाळ." तिनं हे एका दमात म्हटलं, पाढे म्हणावेत तसं.

"बरंय," भीमराज म्हणाले.

कॉल संपल्यावर मिनल गॅलरीत आली. खाली पार्किंगमध्ये उद्धवराव खुर्ची टाकून बसले होते. सोसायटी उभी राहिली ती त्यांच्याच वडिलोपार्जित वावरावर. तळमजल्यावरचा फ्लॅट त्यांच्या वाट्याला आला होता, आणि अख्ख्या बिल्डिंगची चौकशी त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती.

"काय म्हनला डॉक्टर?" त्यांनी वर मान करून विचारलं.

"बाई आहेत काका. व्हिडिओवर बघतात. घरूनच."

"घरनं? मागं काय दिसतंय?"

"पडदा."

"पडदा?" उद्धवरावांनी मांडीवर थाप मारली. "अगं मग ती डॉक्टर न्हाई, कॉल सेंटर हाय! आमच्या पोराला, कुलदीपला बी अशीच एक बाई फोन करती, कर्ज घ्या म्हनून. आवाज ह्योच आसंल."

"काका, मास्क नाकावर घ्या आधी."

"नाकावर घेतला की मला ऐकू येत न्हाई."

मिनलला हसू आलं, पण मनात पडायचं ते बी पडलं. साक्षी झोपल्यावर तिनं नेटवर डॉक्टरांच्या नोंदणीत नाव शोधलं. नाव होतं. म्हणून काय झालं? नाव खरं असेल, पण त्या नावामागं बसलेली बाई तीच कशावरून? दुसऱ्या दिवशी तिनं सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला असता?"

"सध्या घरूनच करते."

"का?"

"आमच्याकडंपण पेशंट आहे," एवढंच म्हणाली आणि पुढच्या प्रश्नावर गेली. मिनलनं ते टिपून ठेवलं. आता डॉक्टरच्या घरीही पेशंट! थाप मारायची तर जरा बरी तरी मारावी.

फोटो मात्र ठरल्या वेळी येत होते. चिमाबाई पाठवायच्या. निळ्या चौकड्यांची चादर, तिच्यावर टेकवलेला हात, बोटाला चिमटा लावल्यासारखं ते यंत्र आणि त्यावर लाल आकडे. सत्त्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव. खाली 'जय भीम'. मिनल आकड्याभोवती बोटानं गोल काढून तो डॉक्टरांना आणि बुद्धरत्नला पुढं पाठवायची. बुद्धरत्नकडून उत्तरादाखल अंगठा यायचा. त्या लाल आकड्यावर सगळं घर तग धरून होतं.

पण आवाज. भीमराज बोलायला बसले की थांबायचे नाहीत असा माणूस. नातीशी तर फोनवर तासन्‌तास गप्पा. आता फोन केला की, "चिऊ... बरी?" एवढंच. मध्ये दम. मिनल विचारायची, "बाबा, दम लागतोय का?" तिकडून यायचं, "न्हाई. बरंय."

डॉक्टरच्याही ते लक्षात आलं असावं. एका सकाळी ती म्हणाली, "आजोबा, घरातल्या घरात जरा वेळ चाला, आणि लगेच बोटाला लावून फोटो टाका."

फोटो आला. सत्त्याण्णव. खाली नाडीचा आकडा बहात्तर.

दुपारी डॉक्टरचा मिनलला स्वतंत्र फोन आला. "मशीन बदलून बघा. ताप असलेला माणूस चालून आलाय, आणि नाडी बहात्तर? माझा विश्वास बसत नाही."

एवढं मात्र मिनलला पटलं. स्वस्तातल्या यंत्रांबद्दल तिनं खूप ऐकलं होतं. पेन्सिल अडकवली तरी अठ्ठ्याण्णव दाखवतात म्हणे. तिनं चिखलीतल्या मेडिकलवाल्याला फोन करून चांगल्यातलं दुसरं यंत्र चिमाबाईंच्या दारात ठेवायला लावलं. संध्याकाळी नव्या यंत्राचा फोटो आला. सत्त्याण्णव.

मशीन खरं निघालं. मग खोटं कोण?

"आता बघ पुढचा डाव," उद्धवराव खालून म्हणाले. "मशीनवर ढकलून झालं. आता म्हनंल ॲडमिट करा, आमुक-तमुक हॉस्पिटलात आमची वळख हाय. लिहून ठेव."

आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर नेमकी तेच म्हणाली! "आकडा चांगला आहे, पण माझं मन मानत नाही. आजोबांचं वाक्य पुरं होत नाही. आपण बेड शोधायला लागू या."

मिनल लगेच म्हणाली, "सत्त्याण्णव असताना बेड? मॅडम, ज्यांना खरंच हवाय त्यांना मिळेना झालाय."

"मला कळतंय. तरी पण—"

"कुठलं हॉस्पिटल म्हणालात?"

"मी कुठलंच म्हटलं नाही अजून," डॉक्टर शांतपणे म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

चिखलीच्या चौकटीतून भीमराज घाईघाईनं म्हणाले, "न्हाई... दवाखाना न्हाई. बरंय मला." त्यांच्यामागं चिमाबाई उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. मिनलनं ते पाहिलं, पण त्याचा अर्थ तिनं घाबरलेल्या बाईची मान एवढाच लावला. तिची सगळी नजर त्या फुलाफुलांच्या पडद्यावर होती.

दुपारी बुद्धरत्नचा फोन आला. जेवणाची सुट्टी होती. मागं ताटांचा आवाज, कुणीतरी 'भावा, लोणचं सरकव' म्हणत होतं. मिनलनं डॉक्टरची तक्रार सुरू केली. त्यानं ऐकून घेतलं आणि बायकोचं मन दुसरीकडं वळावं म्हणून आपली गंमत सांगायला लागला.

"आमच्याकडं ऑडिटपण व्हिडिओवर झालं आज. ऑडिटर त्याच्या घरी, आम्ही कंपनीत लाइनवर. तो म्हणाला, कुठलाही एक पीस उचला आणि मापाच्या गेजला लावून दाखवा. आमच्या सुपरवायझरनं काय केलं, माहितीय? खिशातून ओके पीस काढला. सकाळीच बाजूला काढून ठेवलेला, एकदम फर्स्ट क्लास. तोच प्रत्येक वेळी लावला. ऑडिटर खूष! व्हिडिओत कुठं कळतंय, पीस लाइनवरचा का खिशातला."

"आणि कळलं असतं तर?"

"कळायला तो इथं पाहिजे ना! अगं, जुनी ट्रिक आहे. मला तर बाबांनीच सांगितलेली. प्रेस शॉपमध्ये इन्स्पेक्टर आला की हे ओके पीस पुढं करायचे. गेज खोटं बोलत नाही म्हणायचे बाबा, पण गेजमध्ये काय घालायचं ते आपल्या हातात..."

तो पुढं काय बोलला ते मिनलला ऐकू आलं नाही.

गेज खोटं बोलत नाही. गेजमध्ये काय घालायचं ते आपल्या हातात. हात. आधी त्यांचा हात बघायचा.

तिनं फोन ठेवला आणि फोटो उघडले. पहिला, दुसरा, कालचा, आजचा. बोटांनी चित्र मोठं केलं. इतके दिवस ती आकडा मोठा करून बघत होती. आता आकडा बाजूला सारून तिनं खालचा हात मोठा केला. हात उजवा. अंगठ्यावरून कळत होतं. मधल्या बोटाला यंत्र, ते पेरापर्यंत झाकलेलं. आणि त्याच्याशेजारी, चादरीवर ऐटीत सरळ पडलेली तर्जनी. अख्खी. नखासकट.

भीमराजांच्या उजव्या हाताला तर्जनीचं नख असायला त्यांना प्रेस शॉपच्या आधीच्या काळात जावं लागलं असतं.

मिनल फोन घेऊन तिथंच फरशीवर बसली. साक्षीला वाटलं खेळ आहे, तीही शेजारी येऊन धपकन बसली.

मिनलनं डॉक्टरला फोन लावला. वेळ ठरलेली नव्हती, तरी बाईनं उचलला. मिनलनं तिला तुटलेल्या बोटांचं दोन वाक्यांत सांगितलं आणि चिखलीचं घर जोडून घेतलं. तिन्ही चौकटी उघडल्या. भीमराज उशीला टेकून बसले होते, चादर छातीपर्यंत.

"बाबा, आत्ता एकदा ऑक्सिजन दाखवता?"

"आत्ता? सकाळीच..." दम. "दाखवला की."

"परत दाखवा."

चौकटीच्या खालच्या बाजूनं, चादरीच्या आडून एक हात वर आला. बोटाला यंत्र. सत्त्याण्णव.

"बाबा," मिनल म्हणाली. "ओके पीस नको. लाइनवरचा दाखवा."

भीमराजांना आधी हसू आलं. पकडलं गेल्यावर शाळेतल्या पोराला यावं तसं. त्या हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना, आणि त्यात तो दुसरा हात चादरीखाली गडप झाला. चिमाबाईंच्या रडण्याचा आवाज आला, पण त्या दिसल्या नाहीत.

"डाव्या हाताला लावा, आजी," डॉक्टर म्हणाली. तिला काय झालं ते विचारायची गरज पडली नव्हती. "डाव्या हाताची बोटं आहेत ना सगळी? लावा. कॅमेरा जवळ आणा."

आकडा थरथरत राहिला. एक्क्याऐंशी. त्र्याऐंशी. ब्याऐंशी.

त्यानंतर मिनलनं जी डॉक्टर पाहिली ती निराळीच होती. पाढे म्हणणारा तो आवाज गेला. "आजी, त्यांना पालथं झोपवा. पोटावर. छातीखाली उशी. हां, असं. रडायचं नंतर. मिनल, तुम्ही फोन कट करू नका, साक्षीदार म्हणून राहा. मी दुसऱ्या फोनवरून बेड बघते." मागं कुकरनं शिट्टी दिली, पुन्हा दिली, पुन्हा दिली. बाई जागची उठली नाही. तेवढ्यात खिडकीतून वारा आला असावा, कारण तो फुलाफुलांचा पडदा फुगला आणि बाजूला सरकला. पडदा खिडकीचा नव्हताच. मागं पलंग होता. पलंगावर कुणी म्हातारं माणूस निपचित, आणि सळईला टांगलेली सलाईनची बाटली. डॉक्टरनं मागं न बघताच हातानं पडदा ओढून घेतला.

आमच्याकडंपण पेशंट आहे.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत चिमाबाई तुटक तुटक सांगत राहिल्या. पहिल्या दिवशी मनात खोट नव्हती, खरंच नव्हती. बाई म्हणाली उजव्या हाताचं मधलं बोट. डॉक्टरानं सांगितलेलं बोट बदलायचं कसं? आणि ह्यांचं ते बोट यंत्रात बसेना, आकडाच उठेना. "मी म्हटलं, बघू तरी मशीन चालू हाय का. माझं बोट घातलं. फोटो गेला. डॉक्टरीण म्हणाली, छान. मग कसं सांगायचं?" पुढं भीमराजांनीच डाव्या हाताला लावून पाहिलं. नव्वदच्या खाली आकडा दिसला. त्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतून कोंडाजींना नेलं होतं. भीमराजांचे प्रेस शॉपचे जोडीदार. दारातून चालत ॲम्ब्युलन्समध्ये चढले ते शेवटचे. नंतर घरच्यांना फक्त फोन आला. "ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, चिमे, तुझंच बोट लाव. तुझा पीस ओके हाय. मला हितंच राहू दे."

"आणि तुम्ही लावलंत."

"लावलं बाई. मीच तुला सांगितलेलं, हात बघ. आणि मीच हात दिला."

भीमराजांना नेलं ते त्याच निळ्या चौकड्यांच्या चादरीत गुंडाळून. ती त्यांना हवीच होती. बुद्धरत्नच्या चाकणच्या पहिल्या पगारातून आलेली एकुलती एक चादर. चिमाबाईंना गाडीत बसू दिलं नाही. त्या घरात एकट्या राहिल्या. बुद्धरत्न निघायची खटपट करत होता तोच त्याच्या खोलीतल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याला फार त्रास नव्हता, पण कंपनीच्या गेस्टहाऊसमधून बाहेर पाऊल टाकायची सोय उरली नाही.

हॉस्पिटलमधून व्हिडिओ आला. पांढऱ्या पोशाखातल्या कुणीतरी फोन धरला होता. भीमराजांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यातून वाफेसारखा श्वास, अंगावर निळी चादर. भीमराजांनी उजवा हात वर केला. अंगठा, दोन अर्धी बोटं, दोन अख्खी. मिनलनं तो हात थांबवून थांबवून पाहिला. हात खरा होता. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

डॉक्टर मोनिकाला तिनं फोन केला. "मॅडम, मी तुमच्याबद्दल..."

"माहितीय. सगळेच बघतात तो पडदा," डॉक्टर म्हणाली. "माझे वडील आहेत. पेशंटनं ते बघून घाबरायला नको म्हणून लावलाय." मग लगेच, "आजींचं काय? इतके दिवस त्यांच्या कुशीला बसल्यात. त्यांची परत तपासणी करा. आणि फोटो नको. व्हिडिओ."

मिनलनं चिमाबाईंना तसं सांगितलं. चिमाबाई म्हणाल्या, व्हिडिओ लागत नाही, रेंज नाही, फोटो टाकते. दिवस गेला, दुसरा उजाडला. फोटो आला. सत्त्याण्णव. खाली 'जय भीम'.

मिनलनं आकडा पाहिला नाही. आता ती चूक तिच्याकडून होणार नव्हती. तिनं हात पाहिला. हात चिमाबाईंचाच. उजवा, अख्खी बोटं, अंगठ्यावर विळीचा जुना व्रण. सगळं जिथल्या तिथं. ती सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात तिची नजर हाताखाली गेली.

निळ्या चौकड्यांची चादर.

तिनं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला गेला.

"आई, फोटो कधीचा?"

"आत्ताचा. का गं?"

"चादर कुठली आहे त्यात?"

"आपली. निळी."

"ती बाबांच्या अंगावर आहे, आई. मी डोळ्यांनी पाहिली."

"अगं..." आणि मिनलला तो दम ऐकू आला. तोच, वाक्याच्या मध्यात पडणारा. "तशा दोन... होत्या."

"आई, खरं सांगा. जुना फोटो टाकलात ना? ताप आहे?"

"घरात... कुणीतरी पाहिजे. ते आले... आन् दाराला कुलूप दिसलं तर? कोंडाजीच्या घराला... कुलूपच हाय अजून. बरी हाय मी. चिऊला जप."

फोन बंद झाला, आणि त्यानंतर लागलाच नाही.

मिनल साक्षीला उचलून दाराशी गेली. साक्षीचं अंग सकाळपासून कोमट लागत होतं. आता ते चांगलंच तापलं होतं. लेकराला घेऊन त्या घरात शिरायचं? का ठेवून जायचं, तर कुणापाशी? सोसायटीच्या दाराला बांबू बांधलेले. त्यांच्या बिल्डिंगमध्ये तीन घरं पॉझिटिव्ह निघाल्यापासून कुणाला बाहेर सोडत नव्हते. तिनं वरून उद्धवरावांना हाक मारली. त्यांनी सगळं ऐकलं, पहिल्यांदाच मास्क नाकावर ओढला, आणि तिथल्या तिथं फोनला लागले. "चिखलीत माझा भाचा हाय. थांब... उचलंना गाढव. आगं पोरी, बांबू तर म्या मोडू शकत न्हाई, आन् धाडायला वळखीपाळखीचं कोन ऱ्हायलं न्हाई बग. सगळीच पडल्यात."

ॲम्ब्युलन्सचा नंबर वाजत होता आणि वाट पाहायला सांगत होता. डॉक्टर मोनिका म्हणाली, "मी माझ्या बाजूनं नंबर लावलाय. पण त्या दारच उघडणार नाहीत, बरी आहे म्हणतील. आधी कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघायला हवं. मी चौकटीतून किती बघणार?"

म्हणून साक्षीला मांडीवर आडवी घेऊन मिनलनं फोनमध्ये लिहायला घेतलं. सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, बुद्धरत्नच्या कंपनीतल्या बायकांच्या ग्रुपवर, जिथं जिथं तिचा हात पोचत होता तिथं. तिनं लिहिलं ते असं:

"हे वाचणारे तुम्ही चिखलीत किंवा जवळपास असाल, तर कृपा करून एका घरी जाऊन या. वर्कशॉपच्या गल्लीत शेवटून दुसरं घर, हिरव्या पत्र्याचं दार, बाहेर सायकल लावलेली. आत माझ्या सासूबाई चिमाबाई एकट्या आहेत. दोन मास्क लावून जा. दार वाजवून 'जय भीम' म्हणा, म्हणजे त्या कडी काढतील. त्या म्हणतील, मी बरी आहे. त्यांच्या तोंडाकडं बघू नका. हात मागा. हातात घेऊन बघा, ताप आहे का, नखं निळी पडलीत का. त्यांना सांगा, भीमराज येतील तेव्हा दार उघडायला मिनल हजर असेल, तिनं शब्द दिलाय. आणि मला फोटो पाठवू नका. फोन करा, आणि तुम्ही स्वतः पाहिलंत, एवढं सांगा."